घण उचलण्याआधी

विहीर खणणारा जुना माणूस तळाला खडक लागला की पहार आपटून कान देतो. आवाज खणखणीत आला तर खडक एकसंध, बद्द आला तर आत चीर किंवा पोकळी. आपलं काम मुळात तेच आहे. कानाच्या जागी जिओफोन आले आणि अंदाजाच्या जागी मिलिसेकंद आले, एवढाच फरक.

तुमच्यातले बरेच जण नुकतेच सिस्मिकच्या कामाला लागले आहात. यंत्र कसं चालवायचं ते कंपनीचा माणूस एका दुपारी शिकवून जातो. सॉफ्टवेअर तर रंगीत चित्रच काढून हातात देतं. पण त्या चित्राच्या भरवशावर कुणाच्या तरी घराचा, पुलाचा, बंधाऱ्याचा पाया ठरणार असतो. म्हणून ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांच्याकडून आलेल्या आणि पुढे माळरानावर पुन:पुन्हा पटलेल्या गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी, आपण काय मोजतो हे पक्कं डोक्यात ठेवा. आपण माती मोजत नाही, वेग मोजतो. जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी जातात. पी-लहर दाबत आणि सैल सोडत पुढे जाते. ती म्हणजे जमिनीतून जाणारा आवाजच. एस-लहर कणांना आडवं हलवत जाते आणि मागून पोहोचते. पाणी दाबाला प्रतिकार करतं, पण आडवं ओढलं तर करत नाही. म्हणून पी-लहर मातीच्या कणांबद्दलही बोलते आणि त्यांच्यामधल्या पाण्याबद्दलही. एस-लहर मात्र फक्त कणांच्या सांगाड्याबद्दल बोलते. पायाचं काम असेल तर आपल्याला सांगाडा हवा असतो, हे विसरून निव्वळ पी-लहरीवर अहवाल लिहिणारे मी बरेच पाहिले आहेत.

एस-लहरीच्या वेगाचा वर्ग करा, घनतेने गुणा, की मातीचा कातर गुणांक मिळतो. घनता १८०० किलो प्रति घनमीटर आणि वेग सेकंदाला २०० मीटर धरला तर उत्तर ७२ मेगापास्कल येतं. यात वर्ग आहे, तो लक्षात ठेवा. वेगात दहा टक्के चूक झाली तर उत्तरात वीस टक्क्यांहून जास्त चूक शिरते. म्हणून शेतात टेप धरताना ‘दहा-पंधरा सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

या पद्धतीचं खरं मोल कशात आहे? नमुना नळीत भरून वर काढला की मातीवरचा दाब जातो, ती फुगते, तिची बांधणी हलते. चिकण मातीत हे थोडंफार सांभाळता येतं, पण सुट्या वाळूचा न हललेला नमुना वर आणणं जवळपास अशक्य. लहर जाताना जमीन हलते ती मात्र इतकी थोडी, की तिची ताण-विकृती एक लाखांशाच्याही खाली राहते. कणांची जागा बदलत नाही. लहर निघून गेली की माती होती तशी राहते, आणि तीच जागा उद्या, पुढच्या वर्षी, धरण भरल्यावर पुन्हा तपासता येते. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ किलिनीच्या वाळूत रॉबर्ट मॅलेटने १८४९ साली बंदुकीच्या दारूचा स्फोट करून वाळूतल्या लहरीचा वेग मोजला. तेव्हापासून आजपर्यंत उपकरणं ओळखू न येण्याइतकी बदलली, पण पद्धतीचा गाभा तोच आहे: इथे धक्का द्यायचा, तिथे ऐकायचं, मधलं अंतर आणि वेळ नीट मोजायची.

आता शेतात चला. गाडीतून उतरल्या उतरल्या केबल पसरू नका. आधी आसपासच्या विहिरी बघा. दख्खनच्या पठारावर उघडी विहीर म्हणजे फुकटात मिळालेला जमिनीचा छेद. वर काळी माती किती, तिच्याखाली चुनखडीची पांढरी कुठे लागली, मुरूम किती खोल, मांजऱ्या कुठे, काळा पाषाण कुठे, आणि दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो का. नाल्याच्या कडा बघा, रस्त्याच्या खोदकामात उघडी पडलेली बाजू बघा. शेतकऱ्याला विचारा, ‘मामा, विहिरीला सुरुंग किती फुटांवर लावावे लागले?’ तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्या. पुढे तुमच्या आलेखावर वेग एकदम चढलेला दिसेल त्या खोलीशी हे उत्तर ताडून बघता येतं. जुळलं नाही तर दोन्ही पुन्हा तपासा, आणि आपलंच खरं असं धरून चालू नका.

ऋतूचंही भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लहर भेगेशी अडते, अर्धी ताकद वरच्या मीटरभरातच विरते आणि लांबच्या जिओफोनवर नुसता खरखराट येतो. अशा वेळी पृष्ठभागाची सुटी माती बाजूला करून घट्ट थरावर घणाखालची प्लेट आणि जिओफोन बसवा. वाळलेल्या चिकण मातीत कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं, त्यामुळे वरच्या थराचा एस-लहरीचा वेग उन्हाळ्यात चांगला चढलेला मिळतो. पावसाळ्यात तोच थर मऊ पडतो आणि वेग उतरतो. उन्हाळ्यात मोजलेला आकडा पायासाठी कायमचा म्हणून देणं चूक आहे. अहवालात महिना लिहा, माती ओली होती की कोरडी ते लिहा, आणि वरच्या दोन-तीन मीटरचा वेग ऋतूप्रमाणे बदलेल हे स्पष्ट शब्दांत लिहा.

पाण्याचा दुसरा घोळ याहून मोठा. भूजलाच्या पातळीखाली माती पूर्ण भिजलेली असली की पी-लहरीचा वेग सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास येऊन बसतो, कारण तो पाण्याचाच वेग असतो. मऊ गाळ असला तरी तसंच. विदर्भात-मराठवाड्यात वरची माती ४००-५०० आणि खाली १५००-१६०० असा आलेख आला की नवखा माणूस लगेच लिहितो, ‘झिजलेला खडक लागला.’ खडक असेलही. पण विहिरीत पाण्याची पातळी त्याच खोलीवर असेल तर आधी पाण्यावर संशय घ्या. तिथेच एस-लहर मोजा. खडक असेल तर तिचाही वेग उडी मारेल. नुसतं पाणी असेल तर ती जवळपास होती तिथेच राहील. मुंबईच्या आणि कोकणच्या खाड्यांमध्ये याच्या उलटा प्रकार भेटतो. सडक्या गाळात वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात. ते अगदी थोडे असले तरी पी-लहरीचा वेग १५०० वरून दाणकन खाली आणतात. म्हणून कमी वेग आला म्हणजे पाणी नाही, असंही समजू नका.

जिओफोन लावणं हे हमालाचं काम आहे असं समजून ते मजुरावर सोडू नका. निदान पहिले काही दिवस प्रत्येक जिओफोन स्वतः लावा. गवत उपटा, वरची भुसभुशीत माती पायाने सारा, खिळा सरळ उभा ठेवून तळहाताच्या दाबाने रोवा आणि हलवून बघा. डुगडुगला तर जागा बदला. कातळावर खिळा जाणार नाही; तिथे बारीक भोक पाडा किंवा तीन पायांची बैठक वापरून खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचा गोळा द्या. वायर वाऱ्यावर झुलत असेल तर तिच्यावर मूठभर माती टाका, कारण झुलणारी वायर जिओफोनलाही हलवते. सगळे लावून झाले की एकाने ओळीने चालत प्रत्येकाजवळ बोटाने टकटक करावी आणि दुसऱ्याने पडद्यावर बघत राहावं. कुठला मेला आहे, कुणाच्या तारा उलट्या जोडल्या आहेत, कुणाचा नंबर कुणाच्या जागी गेला आहे, सगळं पाच मिनिटांत कळतं. ही पाच मिनिटं वाचवणारा माणूस पुढे ऑफिसमध्ये दोन दिवस घालवतो.

घणाचंही शास्त्र आहे. साधारण आठ-दहा किलोचा घण, खाली पोलादी प्लेट. पहिला घाव प्लेट बसवण्यासाठी असतो, तो नोंदीत धरू नका. घाव पडल्यावर घण उसळून पुन्हा प्लेटवर आपटता कामा नये. दोन घाव मिळून एक झाले की पहिली लहर नेमकी कधी आली ते ओळखता येत नाही. दांड्याला चिकटपट्टीने बांधलेल्या ट्रिगरकडे सारखं लक्ष असू द्या. त्याची वायर रोज वाकते आणि आतून तुटत जाते. तेव्हा तो बंद पडत नाही, हे त्यातलं वाईट. कधी वेळेवर लागतो, कधी अर्धा मिलिसेकंद उशिरा. असे दहा घाव एकावर एक चढवले की सगळी नोंद धूसर होते. म्हणून दर मांडणीच्या सुरुवातीला तीन-चार घाव वेगवेगळे नोंदवून एकावर एक ठेवून बघा. पहिल्या लहरीची सुरुवात तंतोतंत जुळली तरच पुढे जा.

नोंदीचा बारकावा किती हवा, हेही आधी हिशेबाने ठरवा. जिओफोन दोन-दोन मीटरवर आहेत आणि खाली ५००० मीटर वेगाचा पाषाण आहे असं धरा. एका जिओफोनवरून दुसऱ्यावर जायला लहरीला ०.४ मिलिसेकंद लागतात. यंत्र दर मिलिसेकंदाला एक नोंद घेत असेल तर या पाषाणाचा वेग तुम्ही कसा काढणार? ०.१२५ मिलिसेकंदावर लावा. नोंद घेताना कुठलाही फिल्टर लावू नका. फिल्टर नंतर हवा तेवढा लावता येतो, पण लावून घेतलेला काढता येत नाही.

गोंगाटावर घावांची संख्या वाढवणं हा एक उपाय. पण हे गणित वर्गमुळाचं आहे: चार घावांनी नोंद दुप्पट स्वच्छ होते, सोळांनी चौपट. पन्नास घाव मारून माणूस थकवण्यापेक्षा शेजारच्या विहिरीवरची मोटर अर्धा तास बंद ठेवायला सांगा. उसाचे ट्रॅक्टर जात असतील तर ते पुढे जाईपर्यंत थांबा. रेल्वेजवळ किंवा हायवेलगत काम असेल तर पहाटेची वेळ घ्या. सकाळी वाराही कमी असतो. उच्च दाबाच्या विजेच्या तारेखाली केबल तारेला समांतर टाकू नका, आडवी टाका.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. घणाचा आवाज हवेतूनही जिओफोनपर्यंत पोहोचतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने. कोरड्या भुसभुशीत मातीचा वेगही याच घरातला असतो. पहिल्या थराचा वेग ३३०-३५० मिळाला तर दोनदा बघा. नोंदीत टोकदार, झपकन उठणारी, सगळ्या जिओफोनवर एकाच सरळ रेषेत बसणारी लहर दिसली तर ती बहुधा हवेची. जिओफोन वीतभर खोल पुरा आणि पुन्हा घाव मारा. हवेची लहर असेल तर तिचा जोर ओसरतो.

रिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे खालच्या वेगवान थरावरून वळून आलेली पहिली लहर मोजताना, एका टोकाकडून घाव घालून कधीही उठू नका. दोन्ही टोकांकडून, मधून, आणि टोकांच्या बाहेरून घाला. खालचा खडक उताराचा असेल तर एका बाजूने वेग जास्त भासतो, दुसऱ्या बाजूने कमी. खरा वेग या दोघांच्या मधे असतो आणि तो दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय मिळत नाही. मांडणीची लांबी जितक्या खोलवर बघायचं त्याच्या चार-पाच पट ठेवा. आणि आलेख निघाला की खोलीचा हिशेब एकदा तरी हाताने करा. वरचा वेग ४००, खालचा २०००, आणि दोन रेषा १२ मीटरवर छेदतात असं समजा. १२ ची निम्मी ६. दोन वेगांची वजाबाकी १६०० भागिले बेरीज २४००, त्याचं वर्गमूळ ०.८२. सहाने गुणलं की खोली जेमतेम पाच मीटर. सॉफ्टवेअर याच जागी नऊ मीटर दाखवत असेल तर कुठेतरी पहिली लहर चुकीची उचलली गेली आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रिफ्रॅक्शनला वेगवान थराखालचा मंद थर दिसत नाही. लहर वेगवान थरावरून वळून वर येते, त्याच्याखाली जो मऊ थर आहे त्याच्याकडून पहिली लहर म्हणून काहीच येत नाही. पुस्तकात ही ओळ एका परिच्छेदात संपते. महाराष्ट्रात ती रोजची अडचण आहे, कारण आपली जमीनच अशी घडलेली आहे. दख्खनचा कातळ म्हणजे लाव्ह्याच्या प्रवाहावर प्रवाह. एका प्रवाहाचा घट्ट काळा पाषाण, त्याच्याखाली आधीच्या प्रवाहाचा सच्छिद्र, गाठींनी भरलेला मांजऱ्या, आणि कित्येकदा दोन्हींच्या मधे तांबड्या मातकट दगडाचा पट्टा. पाषाणात पी-लहर ५००० च्या वर पळते, मांजऱ्यात त्याहून बरीच हळू, तांबड्या पट्ट्यात आणखी हळू. आलेखावर पाषाण लागला की रेष सपाट होते आणि माणूस खूश होऊन लिहितो, ‘या खोलीपासून कठीण खडक.’ तो कठीण खडक तीन मीटर जाडीचा असेल आणि त्याच्याखाली पाणी लागलं की भिजून सुटणारा तांबडा पट्टा असेल, हे त्या आलेखात कुठेच नसतं. पुलाचा खांब, बोगद्याचं तोंड, धरणाच्या सांडव्याचा पाया अशा ठिकाणी ही चूक फार महाग पडते.

कोकणात आणि गोव्यात हेच दुसऱ्या रूपात येतं. वर जांभ्याचं कडक कवच, घर बांधायला चिरे निघतात असं. त्याच्याखाली फिकट, मऊ, चिकण माती. कवचाचा वेग जास्त, खालच्या मातीचा कमी, आणि पुन्हा तीच गत. डोंगरउतारावर जांभ्याच्या कवचाखालची ही माती पावसाळ्यात भिजते तेव्हा तिथे दरड सुटण्याची भीती असते. नेमकी ती मातीच आपल्या मोजणीत गायब! याच अडचणीचं मोठं रूप म्हणजे शेकडो मीटर जाडीच्या बेसॉल्टखाली दडलेले गाळाचे थर. तेल शोधणाऱ्यांना सौराष्ट्रात आणि नर्मदेच्या खोऱ्यात तोच प्रश्न सोडवत बसावं लागलं आहे.

यावर तोड आहे. वेगवान थराखाली मंद थर असण्याची शक्यता दिसली, म्हणजे विहिरीत तांबडा पट्टा दिसला किंवा घाटाच्या कापात प्रवाहांची चळत दिसली, तर नुसत्या रिफ्रॅक्शनवर थांबू नका. किमान एक बोअर घ्या आणि त्यात जिओफोन उतरवून मोजा. मंद थर लपला की रिफ्रॅक्शन त्याच्याखालच्या खडकाची खोली खरी आहे त्याहून जास्त दाखवतं, हेही ध्यानात असू द्या. बोअर आणि आलेख यांत असा फरक पडला तर आलेख खोटा ठरवून फेकू नका. तो फरकच तुम्हाला मधल्या थराची बातमी देत असतो.

पृष्ठलहरींची पद्धत, ज्याला सगळे एमएएसडब्ल्यू म्हणतात, तिला मंद थर काही प्रमाणात दिसतो. कॅन्ससच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतल्या पार्क, मिलर आणि शिया यांनी १९९९ साली ती मांडली आणि आज ती सगळीकडे चालते. तिच्यासाठी ४.५ हर्ट्झचे जिओफोन लागतात. लांब लहरी खोलवर जातात, आखूड लहरी वरवर राहतात. प्रत्येक लांबीचा वेग काढायचा आणि त्यावरून खोलीप्रमाणे एस-लहरीचा वेग बांधायचा. पण किती खोल दिसलं याबद्दल फार अतिशयोक्ती चालते. साधारण नियम असा की सर्वांत लांब लहरीच्या निम्म्या खोलीपर्यंतच भरवसा ठेवावा. घणाने १० हर्ट्झच्या खाली ताकद फारशी निघत नाही. मुरमाच्या जमिनीत वेग ३०० असेल तर १० हर्ट्झला लहर ३० मीटरची, म्हणजे भरवसा १५ मीटरपर्यंत. मऊ गाळात वेग १५० असेल तर साडेसात मीटर. आणि अहवालात छापलेलं असतं ३० मीटर! त्या उरलेल्या मीटरांचे रंग सॉफ्टवेअरने कल्पनेने भरलेले असतात. खोल बघायचं असेल तर मोठा वजनी हातोडा आणा, किंवा वाहनांच्या आणि शहराच्या गुरगुरीच्या कमी कंपनसंख्येच्या लहरी तासभर ऐका.

वरच्या तीस मीटरमधल्या एस-लहरीच्या वेगाची सरासरी काढतानाही साधी सरासरी घेऊ नका. वर ५ मीटर गाळ १५० वेगाचा आणि खाली २५ मीटर खडक ७५० वेगाचा असेल, तर जाडीनुसार सरासरी ६५० येते. ती चूक. लहरीला लागणारा वेळ मोजायचा: ५ भागिले १५० आणि २५ भागिले ७५०, दोन्ही मिळून ०.०६७ सेकंद, ३० ला त्याने भागलं की ४५०. अमेरिकन वर्गवारीच्या जुन्या, पण अजूनही जगभर वापरात असलेल्या रूपात १८०, ३६० आणि ७६० या सीमारेषा आहेत, त्यामुळे अशा चुकीने जमिनीचा वर्गच बदलू शकतो. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला आणि किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंपात जे झालं ते ज्यांनी पाहिलं किंवा घरच्यांकडून ऐकलं आहे, त्यांना हा वर्ग नुसता तक्त्यातला रकाना वाटणार नाही.

बोअरमध्ये जिओफोन उतरवून मोजायचं ठरलं तर दोन पद्धती. एकाच बोअरची पद्धत स्वस्त: तोंडाजवळ जाड फळी ठेवायची, तिच्यावर जीपचं चाक चढवायचं म्हणजे ती सरकत नाही, आणि दोन्ही टोकांवर आळीपाळीने आडवे घाव घालायचे. डावीकडून मारलं की एस-लहर एका बाजूला वळते, उजवीकडून मारलं की उलट. दोन्ही नोंदी एकावर एक ठेवल्या की जिथून त्या एकमेकींपासून फाकतात तिथे एस-लहर सुरू. पी-लहर अशी उलटत नाही. एस-लहरीची ओळख इतकी स्वच्छ मिळते, म्हणून उलटे घाव घालायचा कंटाळा करू नका.

दुसरी क्रॉसहोल: दोन-तीन बोअर घेऊन एकात धक्का द्यायचा आणि बाकीच्यांत ऐकायचं. तिची अचूकता जास्त, पण ती सगळी बोअर नीट असण्यावर अवलंबून. पीव्हीसी पाइप आणि भोकाची भिंत यांमध्ये पोकळी राहिली तर लहर तिथेच मरते. सिमेंट-बेंटोनाइटचं मिश्रण तळापासून वर भरत आणा आणि मुरायला वेळ द्या. आणि उभेपणा मोजा. बोअर एका अंशाने कलला तर २० मीटर खोलीवर तो ३५ सेंटिमीटर सरकलेला असतो. बोअर ३ मीटरवर असतील तर अंतरात बारा टक्क्यांच्या आसपास चूक, आणि मघाशी सांगितलेल्या वेगाच्या वर्गामुळे गुणांकात चोवीसच्या घरात. कललेला बोअर डोळ्याला सरळच दिसतो. त्याचा कल मोजल्याशिवाय क्रॉसहोलचा आकडा कुणाला देऊ नका, मग ठेकेदार कितीही घाई करो.

मिळालेल्या गुणांकाचा वापर कुठे करायचा, हेही डिझाइन करणाऱ्याला सांगणं आपलंच काम. लहरीने मोजलेला कडकपणा हा अतिशय बारीक हालचालीतला, म्हणजे मातीचा जास्तीत जास्त कडकपणा. इमारतीचं वजन पडलं की माती जास्त दबते आणि कडकपणा उतरतो. हा आकडा थेट घालून खचण्याचं गणित केलं तर खचणं खऱ्यापेक्षा कितीतरी कमी दिसेल. यंत्राच्या पायाची कंपनं, भूकंपात जमीन कशी हलेल, अशा गणितांना तो लागू पडतो. सुट्या वाळूत भूकंपाने पाण्याचा दाब वाढून जमीन लोण्यासारखी होईल का, हे पाहायलाही एस-लहरीचा वेग वापरतात. पण तिथेही वरच्या भाराप्रमाणे तो वेग सुधारून घ्यावा लागतो.

आणि शेवटी अहवाल. ‘कठीण खडक’, ‘मऊ खडक’ असे शब्द वेगावरून लिहायचा मोह टाळा. मुरूम आणि खडक यांच्या खोदाईच्या दरात मोठा फरक असतो, आणि तुमचा शब्द उद्या बिलाच्या भांडणात पुरावा म्हणून उभा राहतो. वेग लिहा, त्याची कमीजास्त मर्यादा लिहा, जवळच्या बोअरमध्ये काय निघालं ते लिहा, आणि मग या वेगाला हा थर असण्याची शक्यता आहे असं लिहा. जिथे दिसलं नाही तिथला रंग चित्रातून पुसून टाका.

अहवालाबरोबर कच्च्या नोंदी, जिओफोनच्या जागांचा नकाशा आणि शेतातली वहीसुद्धा मालकाच्या हवाली करा. दहा वर्षांनी तिथे पूल रुंद करायचा असेल किंवा धरणाला पाझर फुटला असेल, तर नव्या माणसाला त्याच रेषेवर, त्याच महिन्यात पुन्हा घाव घालून काय बदललं ते बघता येईल. त्याला तुमचं रंगीत चित्र उपयोगी पडणार नाही. कच्च्या नोंदी लागतील. त्या जपून ठेवा आणि मागितल्या की द्या.